कोलमनचे आरोपपत्र आणि ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या

१८९५ साली लंडनच्या लाँगमन्स, ग्रीन कंपनीने एका रशियन पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद काढला. मूळ लेखक व्सेवोलोद सोलोव्योव हा एकेकाळी थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक मादाम ब्लावट्स्कींच्या गोटातला, पुढे त्यांच्यावर उलटलेला. अनुवाद वॉल्टर लीफचा आणि त्यामागे लंडनची सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च, ही अलौकिक घटनांच्या दाव्यांची छाननी करणारी संस्था. या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टांत एक लेख आहे. त्याच्याखाली सॅन फ्रान्सिस्को, २ ऑगस्ट १८९३ अशी तारीख आहे. शीर्षकाचा अर्थ 'मादाम ब्लावट्स्कींच्या लेखनाची उगमस्थाने' आणि लेखक विल्यम एमेट कोलमन. पाने थोडीच आहेत, पण थिऑसॉफीच्या, म्हणजे ब्लावट्स्कींनी मांडलेल्या गूढविद्येच्या, टीकाकारांनी पुढे शंभर वर्षे जे आकडे फेकले ते बहुतेक याच पानांतले.

आकडे असे. ब्लावट्स्कींचा पहिला मोठा ग्रंथ 'आयसिस अनव्हेल्ड' १८७७ मध्ये न्यूयॉर्कला दोन खंडांत निघाला. कोलमन म्हणतो, यात सुमारे २,००० उतारे योग्य श्रेय न देता इतर पुस्तकांतून घेतले आहेत. ग्रंथात नावे येतात सुमारे १,४०० पुस्तकांची, पण बाईंच्या हाताशी होती सुमारे १००. बाकीच्या १,३०० पुस्तकांतले जे काही ग्रंथात दिसते, ते सगळे या शंभरांतून उतरवलेले. असे दुसऱ्या हाताने आलेले उल्लेख सुमारे २,१०० आणि त्यांतल्या फक्त १४० ठिकाणी मधल्या पुस्तकाचे नाव घेतले आहे.

हे आरोपपत्र कितपत टिकते, असा या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याला एक पोटप्रश्नही चिकटलेला आहे. कोलमन स्वतः परलोकविद्यावादी होता. मृतांशी बोलता येते यावर त्याची श्रद्धा होती. प्रतिस्पर्धी पंथाच्या माणसाने केलेल्या आरोपाला किती वजन द्यायचे? माझे मत आधीच सांगतो. कोलमन जिथे पुस्तकाचे नाव घेतो, तिथे तो ऐकण्यासारखा आहे, कारण तिथे त्याला पडताळता येते. जिथे तो नुसती बेरीज सांगतो किंवा पुढे येणाऱ्या पुराव्याचा हवाला देतो, तिथे त्याच्या शब्दावर विसंबू नये. आणि त्याने दिलेला एक धागा असा आहे की तो पडताळायला मराठी वाचकाइतका योग्य माणूस दुसरा सापडणार नाही.

वैर कशाचे होते

परलोकविद्येची चळवळ ३१ मार्च १८४८ पासून धरतात. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स कुटुंबातल्या मुलींनी घरातल्या 'ठकठकी'शी संवाद साधल्याची बातमी पसरली आणि बघता बघता अमेरिका-इंग्लंडात घरोघरी बैठका बसू लागल्या. आपल्याकडे पुढे प्लँचेट म्हणून जे पोहोचले ते याच घराण्यातले. चळवळीचा गाभा साधा होता: मेलेला माणूस संपत नाही आणि योग्य माध्यम, म्हणजे मृतांचा निरोप सांगणारी व्यक्ती, मिळाले तर तो बोलतो.

कोलमन १८४३ मध्ये व्हर्जिनियात जन्मला. अमेरिकी लष्कराच्या रसद खात्यात तो कारकून होता, आधी कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला आणि नंतर सॅन फ्रान्सिस्कोत. लिहायचा मुख्यतः शिकागोच्या 'रिलिजिओ-फिलॉसॉफिकल जर्नल'मध्ये. हे पत्र कोणते आहे ते इथे महत्त्वाचे. त्याचे संपादक जॉन बंडी खोट्या माध्यमांच्या मागे हात धुऊन लागलेले होते. बैठकीत कापडाचे भूत नाचवणारे, पाटीवर चोरून अक्षरे उमटवणारे यांची लबाडी या पत्राने आपल्याच वाचकांपुढे मांडली. म्हणजे कोलमन ज्या शाखेचा होता ती श्रद्धाळू खरी, पण पुरावा मागणारी आणि आधी स्वतःच्या घरात झाडू मारणारी. थिऑसॉफीवर तुटून पडणारा हा माणूस स्वपक्षाला सूट देत होता असे म्हणता येत नाही.

ब्लावट्स्कीही याच अंगणातून आल्या. ऑक्टोबर १८७४ मध्ये व्हर्माँटच्या चिटेंडन गावी एडी बंधूंच्या शेतघरात भुतांच्या बैठका चालत. तिथेच त्यांची आणि पुढे सोसायटीचे सहसंस्थापक झालेल्या कर्नल ऑल्कॉटची गाठ पडली. तेव्हा त्या परलोकविद्येची बाजू वर्तमानपत्रांतून हिरिरीने लढवत होत्या. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी निघाली आणि दोन वर्षांनी 'आयसिस'मध्ये सूर पालटला. बैठकीत येतात ते तुमचे मृत नातलग नव्हेत. ती बहुतेक वेळा मागे राहिलेली टरफले असतात किंवा मानवाखालच्या पातळीवरच्या भूतयोनी. खरे ज्ञान पूर्वेकडच्या सिद्धपुरुषांजवळ आहे आणि ते माध्यमाच्या बेशुद्धीतून मिळत नाही.

हे वाक्य परलोकविद्यावाद्यांना किती लागले असेल याची कल्पना केली तर पुढचे सगळे उलगडते. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरची ती पिढी. घरोघरी गेलेले मुलगे, गेलेले नवरे. बैठकीत आपल्या मुलाचा आवाज ऐकला असे मानणाऱ्या आईला सांगायचे की तो आवाज टरफलाचा आहे! वाद तत्त्वज्ञानाचा होता तसाच तो दुःखाचाही होता.

१६ फेब्रुवारी १८७९ ला ब्लावट्स्की आणि ऑल्कॉट मुंबईला उतरले. गिरगावात बिऱ्हाड, ऑक्टोबर १८७९ पासून 'द थिऑसॉफिस्ट' मासिक, नंतर ब्रीच कँडीचा 'क्रोज नेस्ट' बंगला आणि १८८२ च्या डिसेंबरात मद्रासजवळ अड्यारला मुक्काम. मुंबईच्या या चार वर्षांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण कोलमनचा एक पुरावा मुंबईच्या छापखान्यातून गेलेला आहे.

कोलमनच्या आधीचे एक प्रकरण

परलोकविद्यावाद्याने थिऑसॉफीला उचलेगिरीत पकडण्याची ही पहिली वेळ नव्हती. अलाहाबादच्या 'पायोनियर'चे संपादक ए. पी. सिनेट यांना कूट हूमी नावाच्या महात्म्याकडून, म्हणजे ब्लावट्स्की सांगत त्या सिद्धपुरुषांपैकी एकाकडून, पत्रे येत. त्यांतली काही त्यांनी १८८१ मध्ये 'द ऑकल्ट वर्ल्ड' या पुस्तकात छापली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांचे माजी अधीक्षक हेन्री किडल यांनी ते वाचले आणि ते चकित झाले. स्वतः परलोकविद्यावादी असलेल्या किडलनी १५ ऑगस्ट १८८० ला मॅसॅच्युसेट्समधल्या लेक प्लेझंटच्या मेळाव्यात एक भाषण केले होते. ते छापूनही आले होते. त्या भाषणातली वाक्येच्या वाक्ये हिमालयातल्या महात्म्याच्या पत्रात होती.

किडलनी १ सप्टेंबर १८८३ च्या 'लाइट' साप्ताहिकात पत्र लिहून हे मांडले, आणि तेही सभ्य शब्दांत. उत्तर आले ते असे: महात्म्याने थकलेल्या अवस्थेत मनोमन मजकूर सांगितला, तरुण शिष्याने तो कागदावर उमटवला, त्यात खंडनासाठी घेतलेल्या वाक्यांचे मागचेपुढचे दुवे गळाले. खुलासा मानायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर राहिले. पण एक गोष्ट तेव्हाच ठरून गेली. महात्मे आहेत की नाहीत हा वाद कधी मिटणारा नव्हता, पण दोन छापील पाने शेजारी ठेवली की वादाला जमीन मिळते. कोलमनने पुढे जे केले ते किडलच्या या एका उदाहरणाचे हजारोपट मोठे रूप होते. मधल्या काळात १८८४ मध्ये मद्रासला ब्लावट्स्कींकडे काम केलेल्या कुलोंब दांपत्याने प्रसिद्धीला दिलेली त्यांची पत्रे आणि सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चतर्फे तपास करणाऱ्या हॉजसनचा १८८५ चा अहवाल येऊन गेला. तो वाद चमत्कारांचा होता, साक्षीदारांचा होता. कोलमनने तो मार्ग सोडला आणि ग्रंथालयाचा धरला.

शंभर पुस्तकांची यादी

कोलमनच्या लेखाचे खरे बळ त्याच्या यादीत आहे. 'आयसिस'मध्ये कोणत्या पुस्तकातून किती उतारे, हे तो नावानिशी सांगतो. डनलप या अमेरिकन लेखकाच्या तीन पुस्तकांतून अनुक्रमे १३४, ७७ आणि ६५. एनेमोझरच्या जादूविद्येच्या इतिहासातून १०७. 'डेमोनॉलॉजिया' नावाच्या पुस्तकातून ८५. साल्व्हेर्टच्या पुस्तकातून ६८. किंगच्या नॉस्टिक पंथांवरील पुस्तकातून ४२. देस मूसो या फ्रेंच कॅथलिक लेखकाची पुस्तके, फ्रीमेसनांचा एक कोश, भारतावर स्वैर लिहिणाऱ्या जाकोलियोची पुस्तके, अशी यादी लांबत जाते.

यातल्या एका गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. एनेमोझरच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८५४ मध्ये विल्यम हॉविटने केला. हा हॉविट इंग्लंडातला नामांकित परलोकविद्यावादी. त्याचा स्वतःचा अलौकिकाचा इतिहासही कोलमनच्या यादीत आहे. म्हणजे ज्या पंथाला 'आयसिस'ने खालच्या पायरीवर बसवले, त्याच पंथाच्या कपाटातली पुस्तके 'आयसिस'च्या पायात घातलेली होती. कोलमनला ती इतक्या लवकर ओळखू आली याचे कारण हेच असावे. ती त्याच्या वाचनातली होती.

शंभर हा आकडा विरोधी बाजूकडूनही येतो. ऑल्कॉटनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की 'आयसिस' लिहिला जात असताना त्यांच्या संदर्भसंग्रहात जेमतेम शंभर पुस्तके होती. बाई लिहिता लिहिता थांबत, नजर समोरच्या पोकळीत लावत, तिथे काहीतरी वाचल्यासारखे करत आणि ते कागदावर उतरवत, असे प्रत्यक्षदर्शी वर्णन त्यांनीच केले आहे. ऑल्कॉटना या शंभराच्या आकड्यात चमत्काराचा पुरावा दिसला: घरात शंभर पुस्तके आणि ग्रंथात हजारावर, तेव्हा बाकीची सूक्ष्म सृष्टीतून आली असली पाहिजेत. कोलमनने त्याच शंभरांची पाने उलटली आणि बाकीची हजारावर नावे त्यांच्या तळटिपांत शोधली. वस्तुस्थितीबद्दल दोघांचे जवळजवळ एकमत आहे, आणि हे एकमत या प्रकरणातला सर्वात भक्कम भाग आहे असे मला वाटते. वैऱ्याने आणि स्नेह्याने एकमेकांचे न ऐकता एकच आकडा सांगावा, यापेक्षा चांगली साक्ष मिळत नाही.

अशा शोधाची रीत आपल्याकडच्या पोथ्यांच्या अभ्यासकांना परकी नाही. दोन हस्तलिखिते एकाच घराण्यातली आहेत हे ठरवताना त्यांच्यातले बरोबर पाठ उपयोगी पडत नाहीत, कारण बरोबर पाठ सगळीकडे सारखाच असतो. उपयोगी पडते ती समान चूक. लेखनिकाचा एखादा घसरलेला शब्द पुढच्या प्रतीत तसाच आला की नाते उघड होते. 'आयसिस'मधला प्लेटोचा उतारा थेट प्लेटोमधून आला की डनलपमधून, हेही असेच ठरते: डनलपने जिथे उतारा तोडला तिथेच तो तुटतो का, डनलपची चूक त्यात आहे का.

ज्ञानेश्वरीपर्यंत जाणारा धागा

आता ज्या धाग्याचा उल्लेख वर केला तो. १८८९ मध्ये ब्लावट्स्कींनी 'द व्हॉइस ऑफ द सायलेन्स' हे छोटे पुस्तक काढले. ते त्यांच्या सगळ्या लेखनातले सर्वात सुंदर मानले जाते, आणि ते मत मला पटते. प्रस्तावनेत त्या सांगतात की हे 'सुवर्णवचनांच्या ग्रंथा'तले भाग आहेत. त्या ग्रंथात सुमारे नव्वद छोटी प्रकरणे असून त्यांतली एकोणचाळीस त्यांनी पूर्वी पाठ केली होती. कोलमन म्हणतो, हे कसले प्राचीन? ही अलीकडच्या पुस्तकांची खिचडी आहे. आणि तो नावे देतो: श्लागिंटवाइटचे तिबेटी बौद्धधर्मावरचे पुस्तक, एडकिन्सचे चिनी बौद्धधर्मावरचे, हार्डी, ऱ्हिस डेव्हिड्स, मणिलाल द्विवेदींचा 'राजयोग', १८८८ चे 'राजयोग फिलॉसॉफी' आणि 'द ड्रीम ऑफ रावण' हा डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझीनच्या जानेवारी १८५४ च्या अंकातला लेख. त्यातले उतारे जानेवारी १८८० च्या 'थिऑसॉफिस्ट'मध्ये आले होते, हेही तो नोंदवतो.

या ओळीत मुंबई तीनदा आहे. द्विवेदींचे पुस्तक मुंबईचे. 'राजयोग फिलॉसॉफी' काढले ते तुकाराम तात्या पडवळ यांनी, मुंबईच्या थिऑसॉफिकल प्रकाशन निधीतर्फे. हेच ते 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे, जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातले आणि तुकोबांची गाथा छापणारे तुकाराम तात्या. आणि जानेवारी १८८० चा 'थिऑसॉफिस्ट'ही मुंबईतच निघाला.

'द ड्रीम ऑफ रावण'मध्ये काय होते? इतर गोष्टींबरोबर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला एक लांब उतारा, इंग्रजीत. ज्ञानेश्वरीचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर तेव्हा कुणाच्या हाती नव्हते.

'व्हॉइस ऑफ द सायलेन्स'च्या एका टिपेत 'मार्गा'विषयी कृष्णाचे वचन म्हणून ज्ञानेश्वरीतला मजकूर येतो. इंग्रजीतून त्याचा आशय असा: हा मार्ग दिसला की, पूर्वेच्या बहराकडे निघा किंवा पश्चिमेच्या दालनांकडे या, हे धनुष्य धारण करणाऱ्या, न हलता या वाटेवर चालणे होते, या मार्गाने ज्या ठिकाणी जावे ते ठिकाण आपणच होतो. मूळ ओव्या आपल्याला ठाऊक आहेत:

हा मार्गु जैं देखिजे । तैं तहान भूक विसरिजे । रात्रिदिवसु नेणिजे । वाटे इये ॥
निगिजे पूर्वींलिया मोहरा । कीं येईजे पश्चिमेचिया घरा । निश्चळपणें धनुर्धरा । चालणें एथिंचें ॥
येणें मार्गें जया ठायां जाइजे । तो गांवो आपणचि होईजे । हें सांगों काय सहजें । जाणसी तूं ॥

'धनुर्धरा', 'निश्चळपणे', 'पश्चिमेचिया घरा', 'तो गांवो आपणचि होईजे', सगळे जागच्या जागी आहे. पण 'पूर्वींलिया मोहरा' पाहा. इथे मोहरा म्हणजे दिशा, तोंड. पूर्वेकडे निघावे एवढाच अर्थ. इंग्रजीत मात्र पूर्वेचा 'बहर' झाला. भाषांतरकाराने आंब्याचा मोहोर घेतला, असेच दिसते. चूक गोड आहे, पण चूकच आहे. कुणी मराठी जाणकाराकडून स्वतंत्रपणे अर्थ लावून घेतला असता तर नेमका हाच बहर पुन्हा उगवला नसता. डब्लिनच्या मासिकात तो आहे आणि पस्तीस वर्षांनी ब्लावट्स्कींच्या टिपेतही तो आहे. समान चुकीची कसोटी इथे डोळ्यांसमोर लागते.

दुसऱ्या एका टिपेत त्याच अध्यायाचे नाव घेऊन योग्याचे वर्णन येते: तो समुद्रापलीकडचे पाहतो, देवांची भाषा ऐकतो, मुंगीच्या मनातले जाणतो. 'मग समुद्रापैलाडी देखे । स्वर्गींचा आलोचु आइके । मनोगत वोळखे । मुंगियेचें ॥' ही ओवी कुठल्याही वारकऱ्याला ऐकताक्षणी ओळखू येईल.

यातून कोलमनचा किती आरोप सिद्ध होतो? इथे काटेकोर राहिले पाहिजे. ब्लावट्स्कींनी ज्ञानेश्वरीचे नाव लपवलेले नाही. उलट टिपेत ते गौरवाने घेतले आहे, गूढग्रंथांचा राजा म्हणून. ज्ञानोबांची चोरी झाली असे म्हणणे खोटे ठरेल. लपले आहे ते मधले पुस्तक. वाचकाची समजूत होते की लेखिकेने मूळ ग्रंथ वाचला आहे. आणि तो वाचलेला नव्हता याची खूण प्रस्तावनेतच आहे: तिथे ज्ञानेश्वरीची गणना संस्कृत ग्रंथांत केली आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला जी मराठी उभी राहिली, जिच्यासाठी ज्ञानदेवांनी अमृताशी पैज घेतली, ती इथे संस्कृत ठरली. मला हे मनापासून खटकते. मधल्या दुव्याचे नाव न घेण्याने काय हरवते ते इथे कळते. डब्लिनच्या लेखाचे नाव दिले असते तर पुढचा वाचक तिथे गेला असता आणि कदाचित तिथून आळंदी-नेवाशापर्यंतही पोहोचला असता.

टिपांतून पुस्तकाच्या मूळ संहितेकडे गेले की प्रश्न अवघड होतो. ज्याला प्राचीन म्हटले आहे त्या संहितेत अग्निरूप शक्तीने हृदयाच्या दालनात, 'विश्वमाते'च्या निवासात मागे फिरावे अशा अर्थाची ओळ आहे आणि टीप सांगते की शक्ती व विश्वमाता ही कुंडलिनीची नावे. सहाव्या अध्यायात 'ते कुंडलिनी जगदंबा' असे स्पष्ट आहे आणि तिचे हृदयाशी येणेही तिथे वर्णिलेले आहे. पण कुंडलिनीला जगदंबा म्हणणे ही काही एका ज्ञानेश्वरीची मिरास नव्हे. तंत्रग्रंथांत ते सर्रास सापडते. तेव्हा एवढ्यावरून संहिताच बनावट असे मी म्हणणार नाही. मात्र टिपांसाठी ज्या उताऱ्याचा आधार घेतला तोच उतारा संहिता रचताना लेखिकेच्या डोळ्यांपुढे होता, ही कोलमनची शंका यानंतर बिनबुडाची राहत नाही.

एकाच शब्दाखाली दोन गुन्हे

कोलमनवर माझा आक्षेप वेगळा आहे. त्याने दोन निरनिराळ्या गोष्टी उचलेगिरी या एकाच शब्दात कोंबल्या. डनलपची स्वतःची वाक्ये त्याचे नाव न घेता आपली म्हणून छापणे ही उचलेगिरी खरी. पण डनलपने दिलेला प्लेटोचा उतारा प्लेटोच्या नावाने देणे आणि डनलपला गाळणे ही हलगर्जी विद्वत्ता झाली. एकोणिसाव्या शतकातले लोकप्रिय ग्रंथकार हे सर्रास करत. डनलप आणि एनेमोझर यांचीही अशीच छाननी केली तर त्यांच्या उताऱ्यांतही दुसऱ्या हातचा माल निघेल. २,१०० हा मोठा आकडा या दुसऱ्या प्रकारचा आहे. वाचक तो ऐकून पहिल्या प्रकारचा समजतो, आणि कोलमनने ती समजूत दूर करण्याची तसदी घेतली नाही. त्याच्या शब्दांत राग आहे. तो लपत नाही.

बाईंनी स्वतः काय म्हटले तेही पाहू. ८ मे १८९१ ला त्या लंडनमध्ये वारल्या. त्याच महिन्याच्या 'ल्युसिफर' या त्यांच्याच मासिकात आपल्या पुस्तकांविषयी त्यांचा लेख आला. 'आयसिस'ला धड योजना नव्हती, आपले इंग्रजी तेव्हा कच्चे होते, मुद्रिते इतरांच्या हातून गेली, अवतरणचिन्हे गळाली, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले. मोंतेन्यचे एक वचन त्यांना आवडे: फुले इतरांची, त्यांना बांधणारा दोरा तेवढा माझा. 'सीक्रेट डॉक्ट्रिन' या आपल्या पुढच्या मोठ्या ग्रंथाच्या सुरुवातीलाही त्यांनी ते वापरले आहे.

'आयसिस'पुरता हा बचाव मला बऱ्याच अंशी मान्य आहे. अफाट वाचन नसलेल्या, परक्या भाषेत लिहिणाऱ्या एका बाईने शंभर पुस्तकांतून जगाच्या धर्मांचा एवढा विस्तृत पट मांडला, हे काम लहान नाही. दोरा खरोखरच तिचा होता आणि त्या दोऱ्याने पुढे किती माणसे बांधली गेली! पण १८८८ च्या 'सीक्रेट डॉक्ट्रिन'ला हा बचाव पुरत नाही. तिथे दावा पुष्पगुच्छाचा नव्हताच. मानवजातीच्या अतिप्राचीन 'द्झ्यान' ग्रंथातल्या ऋचा आणि त्यांवरचे भाष्य असा तो दावा होता. कोलमनने या ग्रंथाची उगमस्थाने म्हणून विल्सनचे विष्णुपुराण, विंचेलचे १८८३ चे 'वर्ल्ड लाइफ', डॉनेलीचे १८८२ चे 'अटलांटिस', डाउसनचा हिंदू पुराणकोश अशी नावे दिली. भाष्यात आधुनिक पुस्तके असायला हरकत नाही. भाष्यकार आपल्या काळाचाच असतो. पण खुद्द ऋचा अलीकडच्या पुस्तकांतून रचल्या, हा कोलमनचा सर्वात गंभीर आरोप होता.

न आलेले पुस्तक

आणि नेमक्या याच आरोपाचा पुरावा त्याने दिला नाही. परिशिष्टातला लेख हा सारांश आहे, प्रत्येक उताऱ्याचा पुरावा असलेले सविस्तर पुस्तक तयार होत आहे, असे त्याने जाहीर केले होते. ते पुस्तक कधीच निघाले नाही. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, मागोमाग दिवसेंदिवस चाललेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. कोलमनचा ग्रंथसंग्रह आणि टिपणे त्यातच गेली असे सांगतात. १९०९ मध्ये तो वारला.

थिऑसॉफीच्या बाजूचे लोक म्हणतात, पुरावाच नाही तर आरोप कसला. विरोधक म्हणतात, पुरावा होता पण जळाला. मला दोन्ही बोलणी घाईची वाटतात. आगीला दोष देताना १८९३ ते १९०६ या तेरा वर्षांचे काय, हे विचारलेच पाहिजे. कारकुनी सांभाळून एवढे मोठे काम तडीस नेणे सोपे नव्हते हे खरे, पण मेलेल्या लेखिकेवर इतका गंभीर आरोप ठेवणाऱ्याने निदान द्झ्यानच्या ऋचांपुरती दहा पाने तरी आधी छापायला हवी होती. उलट पक्षी, पुस्तक निघाले नाही म्हणून यादी बाद होत नाही. कोलमनला संस्कृत किंवा पाली किती येत होते याला इथे महत्त्व नाही. लेखाखाली तो रॉयल एशियाटिक सोसायटी आणि पाली टेक्स्ट सोसायटीचे सभासदत्व मिरवतो. अशी सभासदत्वे वर्गणी भरून मिळत. त्याने शोधलेली उगमस्थाने इंग्रजी-फ्रेंच होती आणि त्यासाठी लागणारी चिकाटी त्याच्याजवळ भरपूर होती.

तो परलोकविद्यावादी होता याने काही बिघडते का? हेतूबाबत बिघडते. त्याला ब्लावट्स्की खोट्या ठरायला हव्या होत्या, आणि ज्या कठोरपणाने त्याने महात्म्यांना तपासले त्याच कठोरपणाने त्याने मृतांचे संदेश अखेरपर्यंत तपासले असते तर काय उरले असते, हा प्रश्न रास्त आहे. १८८८ मध्ये मार्गारेट फॉक्सने न्यूयॉर्कच्या भर सभेत पायाच्या बोटांनी ठकठक करून दाखवली, पुढच्या वर्षी तिने कबुली मागे घेतली, तरी कोलमनच्या श्रद्धेला धक्का लागला नाही. पण पूर्वेचा बहर डब्लिनच्या मासिकात आहे की नाही, हे पाहताना वाचणाऱ्याच्या श्रद्धेचा संबंध येत नाही.

आज 'आयसिस', डनलप, एनेमोझर, साल्व्हेर्ट ही सगळी पुस्तके कुणालाही घरबसल्या चाळता येतात. कोलमनचे १३४, १०७, ६८ हे आकडे एकेक करून ताडून पाहता येतात आणि तसे काम अभ्यासकांनी हाती घेतलेही आहे. ज्ञानेश्वरीचा धागा वर ताडून दाखवला, त्यात कोलमन बरोबर निघाला. द्झ्यानच्या ऋचांबाबत मात्र त्याने ताडायला काही मागे ठेवलेले नाही. तो आरोप जिथे १८९३ मध्ये होता तिथेच आहे.